दोन फुल्या: कोकणातल्या शाळेत निवडणुकीवरची डार्क कॉमेडी कशी उभी करावी

जून-जुलैत कोकणातल्या कितीतरी शाळांत शालेय मंत्रिमंडळ निवडलं जातं. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, पाणीपुरवठामंत्री, सगळा थाट असतो. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, बोटाला शाई, हे सगळं मुलं मोठ्यांपेक्षा जास्त गांभीर्याने करतात. डार्क कॉमेडीला एवढंच लागतं: पद शून्य किमतीचं आणि त्यासाठी चाललेली धडपड मात्र जीव तोडून. पडद्यावरच्या एकाही माणसाला ही गोष्ट विनोदी वाटता कामा नये. एखादं पात्र मिश्किल हसलं की चित्रपट प्रहसनाच्या वाटेला लागतो आणि तिथून परत आणता येत नाही.

खाली अठरा मिनिटांच्या लघुपटाची एक नमुना गोष्ट घेतली आहे. गोष्ट तुमची वेगळी असेल. कामाचा क्रम तोच राहील.

गोष्ट आधी आकड्यांत मांडा

बहुतेक लोक पात्रांपासून सुरुवात करतात. निवडणुकीच्या गोष्टीत सुरुवात मतमोजणीपासून करा, कारण प्रेक्षक दुसरं काही नाही तरी बेरीज तपासतोच.

आठवी ते दहावी मिळून पट १४०. मतदानाला हजर १३३. सायलीला ६६, ओंकारला ६५, बाद २. सायली एका मताने निवडून आली आहे. मोजणीला बसलेले गणिताचे सर सायलीच्या दोन मतपत्रिकांवर ओंकारच्या नावापुढेही फुली मारतात. आता सायली ६४, ओंकार ६५, बाद ४. बेरीज पुन्हा १३३. नोंदवहीतल्या सह्यांशी आकडा जुळतो, कुणालाच शंका येत नाही.

मतपत्रिका गायब करण्याची कल्पना मोहात पाडते, पण ती टाळा. १९९९ सालच्या अलेक्झांडर पेन यांच्या ‘इलेक्शन’ या अमेरिकी चित्रपटात शिक्षक दोन मतपत्रिका कचऱ्याच्या टोपलीत टाकतो, आणि ही खूण या प्रकारचे चित्रपट पाहणारा प्रत्येक जण ओळखतो. शिवाय गणिताचा मास्तर बेरीज चुकू देईल हे पटतही नाही. तो गुन्हासुद्धा ताळा करूनच करणार.

सरांचं कारण जितकं क्षुल्लक ठेवाल तितकं चांगलं. शिक्षणाधिकाऱ्यांच्या भेटीच्या दिवशी सायलीने सगळ्यांसमोर फळ्यावरचं गणित दुरुस्त केलं, तेही बरोबर. बस. तेवीस वर्षं नोकरी, पर्यवेक्षकपद हुकलेलं, हे मागे असू द्या, पण तोंडाने बोलू देऊ नका. सायलीलाही गरीब बिचारी करू नका. ती हुशार आहे, मेहनती आहे आणि कुणालाही मनापासून आवडत नाही. प्रचारात ती मालवणी खाजाच्या पुड्या वाटते आणि प्रत्येक पुडीत आपला जाहीरनामा घालते. ओंकार दशावतारात हौसेने उभा राहणारा, सगळ्यांचा लाडका. त्याला मुख्यमंत्री व्हायचंच नाही. वडील सरपंच आहेत म्हणून अर्ज भरला आहे.

उलगडा वस्तूतून यायला हवा

गुन्हा उघडकीला येतो तो कुणाच्या कबुलीतून नव्हे, कोकणच्या दमट हवेतून. मुख्याध्यापकांचा आग्रह आहे की मतदानाच्या टेबलावर शाईचंच पेन हवं, कारण त्याने अक्षर सुधारतं. फुली मारायलासुद्धा. सरांच्या खिशात मात्र बॉलपेन. मोजणीनंतर मतपत्रिकांचा गठ्ठा कपाटात जातो, वरचं कौल गळतं, गठ्ठा भिजतो. शिपाई चिमटे लावून सगळ्या मतपत्रिका व्हरांड्यात दोरीवर वाळत घालतो. १३३ कागदांवरची निळी शाई फुटली आहे. दोन फुल्या तेवढ्या जशाच्या तशा, कडक. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याने पसरत नाही; शाईपेनची धुऊन निघणारी शाई लगेच फुटते.

यासाठी तीन गोष्टी आधी पेरून ठेवाव्या लागतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या निमित्तांनी. पेनाचा आग्रह तिसऱ्या मिनिटाला, मुख्याध्यापकांच्या भाषणात, विनोद म्हणून. सरांच्या बॉलपेनची टिकटिक ही त्यांची सवय म्हणून, वर्गात दोनदा. कौलाखाली ठेवलेलं घमेलं आणि त्यातली टपटप ही नुसती वातावरणाला. पेरलेल्या वस्तूवर कॅमेरा एकटा थांबवलात की प्रेक्षक सावध होतो. प्रत्येक वेळी चौकटीत दुसरं काहीतरी चाललेलं असू द्या.

मतपत्रिका तयार करणं

ए-फोर कागदाचे आठ भाग केले की ७४ बाय १०५ मिलिमीटरची मतपत्रिका होते. तीन संच लागतात: मतदानाचा, मोजणीचा आणि भिजलेला. १३३ गुणिले ३ म्हणजे ३९९, म्हणजे पन्नास कागद पुरतात. पण साठ कापा, कारण मुलं त्यावर चित्रं काढतात. नावं आणि चिन्हं एका रंगात छापा, आणि लेझर प्रिंटरवरच. इंकजेटची छपाईसुद्धा पाण्याने फुटते आणि मग उलगडाच बुडतो.

फुल्या पाच-सहा वेगवेगळ्या हातांनी मारून घ्या. एकाच माणसाने १३३ फुल्या मारल्या की त्या एकसारख्या दिसतात आणि जवळच्या शॉटमध्ये ते लगेच कळतं. शाई धुऊन निघणारी निळीच हवी. जेल पेनवर विसंबू नका. त्यातल्या बऱ्याच पेनांची शाई पाण्याला दाद देत नाही. फुली दहा मिनिटं वाळू द्या, मग फवाऱ्याच्या बाटलीने फूटभरावरून तीन-चार दाब. ओल्या बोळ्याने पुसलं तर शाई एका बाजूला ओढली जाते आणि माणसाने पुसल्यासारखं दिसतं. गळतीने ती चारी बाजूंनी फुटायला हवी. त्या दोन मतपत्रिकांवर सायलीपुढची फुली फुटलेली आणि ओंकारपुढची शाबूत असेल, हे पुन्हा पुन्हा तपासा. इथे उलटसुलट झालं तर चित्रपटाला अर्थ उरत नाही.

बोटाच्या शाईसाठी जांभळा मार्कर पुरे. निवडणुकीतली खरी शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि ती नखावर कित्येक आठवडे राहते. मुलांच्या बोटांवर तसले प्रयोग नकोत. खूण डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखापासून पहिल्या पेरापर्यंत. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या बोटाचा फोटो काढून ठेवा. उजव्या बोटावर शाई असलेला एक तरी मुलगा संकलनात सापडतोच.

जुलै ऑक्टोबरात आणायचा

गोष्ट पावसातली, पण चित्रीकरण पावसात करू नका. जुलैत मंगलोरी कौलांवर पाऊस पडायला लागला की संवाद ऐकू येत नाहीत, आणि पत्र्याची शाळा असेल तर शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. वीज जाते, दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि शाळाही चालू असते. मे महिन्यात शाळा रिकामी मिळते, पण कातळ करपलेला असतो, उजेड कडक असतो आणि मुलं आंब्याच्या आणि लग्नांच्या मागे असतात. दिवाळीची सुट्टी हाच मधला मार्ग. जांभ्याच्या भिंतींवरचं शेवाळ तोवर पुरतं वाळलेलं नसतं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, थोडं हिरवं शिल्लक असतं. भाऊबीज उलटल्यावर सुरुवात करा, म्हणजे फटाके थांबतात. तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी मात्र पुन्हा वाजतात, त्या वेळेला आवाजाचं काम ठेवू नका.

पाऊस दाखवायचा नाही, ऐकवायचा. खिडक्यांना बाहेरून ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं मलमल ताणून लावा. ऑक्टोबरचं ऊन त्यातून गाळून राखाडी आणि मऊ होतं, बाहेरचं निळं आकाशही दिसत नाही. व्हरांड्याची फरशी शॉटआधी ओली करा, शेणाने सारवलेली असेल तर हलका शिडकावाच, नाहीतर चिखल होतो. दाराशी सात-आठ छत्र्या उघड्या ठेवा, पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे, एका मुलाच्या दप्तरावर प्लॅस्टिकची पिशवी. पावसाचा आवाज आदल्या जुलैतच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला हवा: कौलांवरचा, पन्हळीतून घमेल्यात पडणारा, लांबून माडांवरचा, प्रत्येकी पाच मिनिटं. विकतचा पाऊस ऐकणाऱ्याला कोकणातला वाटत नाही.

परवानग्या

खासगी शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि संस्था या दोघांचंही लेखी पत्र घ्या. एकाचंच असलं तर दुसरा ऐन दिवशी आडवा येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून जा. शाळेचं खरं नाव कुठेही दिसू नये. फाटकावरची पाटी, घंटा, बाकांच्या पाठी, गुणवंतांचे फलक, गणवेशावरचा बिल्ला, सगळं झाका किंवा बदला. मतं फिरवणारा मास्तर आपल्या शाळेतला आहे असं कुणाला वाटायला नको.

चौदा वर्षांखालचं मूल कॅमेऱ्यासमोर आणायचं असेल तर बालकामगार नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती, आणि मानधन दिलं तर त्यातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मुख्य भूमिकांना पंधरा-सोळा वर्षांची मुलं घेतली तर व्याप बराच कमी होतो, आणि नववी-दहावीची म्हणून ती शोभतातही. पालकांची संमती मात्र सगळ्यांचीच हवी. संमतिपत्रात गोष्ट काय आहे हे दोन ओळींत स्पष्ट लिहा. ‘शैक्षणिक लघुपट’ असं मोघम लिहिलं की पहिल्या खेळालाच वाद होतो.

राष्ट्रगीत चित्रपटात घेऊ नका. त्याभोवती विनोद बसत नाही आणि बसवूही नये. प्रार्थना स्वतः रचा. चार ओळी आणि पेटी पुरते.

भाषा

सिंधुदुर्गाबाहेरचे लोक इथे हमखास घसरतात. अख्ख्या किनारपट्टीवर मालवणी बोलतात असं समजून दापोलीच्या मास्तरालाही ‘खंय चललंस’ म्हणायला लावतात. मालवणी सिंधुदुर्गातली. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरीची धाटणी, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी. गाव ठरवा आणि त्या गावातल्या माणसाकडून संवाद वाचून घ्या.

शाळेत तर दोन भाषा चालतातच: वर्गात प्रमाण, शिक्षकांच्या खोलीत घरची. या गोष्टीत त्याचा फायदा करून घ्या. सर वर्गात प्रमाण बोलतात आणि चिडले की मालवणीत घसरतात. सायली कधीच घसरत नाही, घरी चुलीपाशीसुद्धा नाही.

आई: ‘बाय, आदी दोन घास खा, मगे लोकशाहीचा काय ता बघ.’
सायली: ‘आई, आचारसंहिता लागू झाली आहे.’

यात विनोद करायचा म्हणून एकही शब्द घातलेला नाही. संवादाची कसोटी हीच.

निवेदन वापरायचं असेल तर एकाच माणसाचं नको. ‘इलेक्शन’मध्ये चार पात्रं आपापली बाजू सांगतात आणि प्रत्येकाला आपण योग्यच वागलो असं वाटतं; निवेदन आणि दृश्य यांच्यातल्या विसंगतीतून हसू येतं. इथे सर आणि सायली दोघं पुरेत. सर म्हणतात, ‘मी कधी विद्यार्थ्यांत भेदभाव केला नाही,’ आणि चित्रात ते हजेरी घेताना सायलीचं नाव गाळून पुढे जातात. निवेदन मिनिटाला ११०–१२० शब्दांपेक्षा जास्त झालं की श्वास पुरत नाही. ध्वनिमुद्रण बंद खोलीत, भोवती दोन गोधड्या टांगून, माइक तोंडापासून एक वीत आणि जरासा बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘प’ फुटत नाहीत.

कॅमेरा आणि उजेड

चांगला फोन पुरतो. हाताने लिहिलेली प्रचारपत्रकं, कौलारू छप्पर आणि निर्विकार चेहरे एवढं ज्या गोष्टीत आहे तिला महागडा कॅमेरा लागत नाही, तिपाई लागते. कॅमेरा स्थिर, समोरून, डोळ्यांच्या उंचीवर. हातातला हलता कॅमेरा प्रेक्षकाला घाबरवतो; स्थिर कॅमेरा जणू शाळेच्या इमारतीसारखा सगळं निमूट बघत राहतो.

सेकंदाला २५ चौकटी आणि शटर, म्हणजे प्रत्येक चौकट उजेड घेते तो वेळ, १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. २४ किंवा ३० चौकटींवर शटर आपोआप बदलत राहिलं तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरतात, आणि ते फोनच्या छोट्या पडद्यावर दिसत नाहीत, घरी गेल्यावर दिसतात. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) दोन्ही लॉक. ट्यूब आणि खिडकी यांचा रंग जुळत नसेल तर ट्यूब सरळ बंद करा.

एसी गाडीतून काढलेल्या लेन्सवर किनाऱ्यावर लगेच वाफ धरते. कॅमेऱ्याची पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास आधी जागेवर आणून ठेवा. खाऱ्या वाऱ्याचा थर काचेवर रोज बसतो. कोरड्या फडक्याने घासू नका, आधी फुंकणीने कण उडवा.

मोजणीचा प्रसंग

अठरा मिनिटांतली साडेचार याला द्या आणि पाच दिवसांतला दीड दिवस. बाकीचं सगळं साडेतीन दिवसांत होतं.

मोजणीची पद्धत खरी ठेवा. मतपेटी टेबलावर उलटी, घड्या उघडणं, दोन ढीग आणि एक बादचा, दहा-दहाच्या जुड्यांना रबर, फळ्यावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आधी अख्खी मोजणी दुरून, एका सलग टेकमध्ये घ्या. ती चित्रपटात कदाचित तीस सेकंदच येईल, पण कोणत्या आकड्याला फळ्यावर किती रेघा, कोण कुठे बसलं, चहाचा पेला कुठे, हे सगळं त्यात नोंदलं जातं. मग फळा, मग हात, शेवटी चेहरे. उलट क्रमाने गेलात तर चेहऱ्यामागच्या फळ्यावर कधी ४० मतं, कधी ३५.

सर फुली कधी मारतात? वीज गेल्यावर अंधारात, हे पहिल्यांदा सुचतं आणि तेच टाकून द्यावं. अंधारात पाप करणारा माणूस नुसता भित्रा दिसतो. भर उजेडात, सगळ्यांदेखत, चहा आणि कांदाभजी आली म्हणून सगळ्या माना तिकडे वळल्या असताना तो फुली मारतो. आधी बॉलपेनची एक टिक, मग फुली, मग दुसरी मतपत्रिका, मग टिक. चौदा सेकंद, एकच शॉट, संगीत नाही. कुणीतरी विचारतं, ‘सर, भजी?’ आणि सर म्हणतात, ‘दोनच दे.’

मागे बसवायला १३३ मुलं लागत नाहीत. चोवीस पुरतात. मतदानाची रांग व्हरांड्याच्या खांबांमागून वळवा, पुढची मुलं मागून फिरून पुन्हा रांगेत येऊ द्या, दप्तरं आणि केसांच्या रिबिनी बदलत राहा. मुलांना ‘हसू नका’ असं सांगितलं की ती हसतात. त्याऐवजी काम द्या: तू रेघा मोज, तू सरांच्या चुका शोध.

दोरीवरच्या मतपत्रिका

चार ओळी करा, पहिलीत ३४ आणि बाकी तिन्हींत ३३. शेजारच्या दोन कागदांचे कोपरे एकाच चिमट्यात धरले की एक कागद सुमारे सात सेंटीमीटर जागा घेतो, म्हणजे ओळ अडीच मीटरच्या आत बसते. चिमटे १३७ लागतात. बारा डझन आणा. काथ्याची दोरी इथे छान दिसेल असं वाटतं, पण चिमटा तिच्यावर नीट बसत नाही आणि तिचे तंतू ओल्या कागदाला चिकटतात. तीन-चार मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या आणि टोकं खिळ्यांना ताणून बांधा, नाहीतर मधे झोळ येतो.

हे काम सकाळी नऊच्या आत संपवा. दुपारकडे समुद्रावरून वारा धरला की कागद फडफडतात आणि एकही फुली वाचता येत नाही. त्या दोन मतपत्रिका शेजारी-शेजारी नकोत. एक दुसऱ्या ओळीत, एक चौथीत, दोन्ही सायलीच्या डोळ्यांच्या पातळीपासून दूर, म्हणजे तिला एकदा टाचा उंचावाव्या लागतील आणि एकदा वाकावं लागेल. ती दोन्ही काढते, कंपासपेटीत ठेवते, चिमटे पुन्हा लावते. समोरून सर येतात. ‘नमस्कार, सर.’ तिचा चेहरा नेहमीसारखाच हवा. इथे तिला सूडाचं हसू दिलंत तर मागच्या सतरा मिनिटांवर पाणी.

संकलन

गमतीदार संगीत लावू नका. टुणटुण वाजलं की प्रेक्षकाला कळतं की हसायची परवानगी मिळाली, आणि तिथेच तो हसायचा थांबतो. पेटीवरची प्रार्थना, शाळेची घंटा, पाऊस, टिकटिक, एवढ्यावर भागतं. प्रत्येक खोलीतला रिकामा आवाज एक मिनिटभर वेगळा घेतलेला असू द्या. पंखे बंद करून घेतलेल्या संवादांखाली तोच पसरावा लागतो.

शॉट कापताना विनोदाच्या वाक्यावर कापू नका. वाक्य संपल्यावर समोरच्या माणसाचा निर्विकार चेहरा एक सेकंद, मग कट. दोन सेकंद ठेवलात तर तो चेहरा हसं मागायला लागतो.

पहिला कच्चा जोड ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा दहा जणांना दाखवा आणि मोजणीच्या प्रसंगानंतर थांबवून एवढंच विचारा: सरांनी काय केलं? फुली मारली हे सगळ्यांनी सांगायला हवं. पेन वेगळं होतं हे एक-दोघांनीच. पाचांपेक्षा जास्त जणांनी पेन ओळखलं तर मुख्याध्यापकांच्या भाषणातला पेनाचा शॉट अर्ध्यावर आणा. एकानेही ओळखलं नाही तर वर्गातली एक टिकटिक वाढवा.